चूपबाईंची मूठ

बाई आठवतात त्या आधी त्यांच्या बोटानं. उजव्या हाताचं पहिलं बोट, लांब, सडपातळ, नखाच्या कडेला खडूची पांढरी रेघ. बाई वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या, ते बोट स्वतःच्या ओठांवर ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "हाताची घडी." पुढचं "तोंडावर बोट" त्यांना म्हणावंच लागत नसे. तीन-चार वर्षांची लेकरं, कोणाच्या नाकातून धार, कोणाच्या हातात घरून आणलेला पोळीचा तुकडा, सगळी जिथल्या तिथं गार. मागच्या बाजूनं छोट्या लाइनची गाडी शिटी मारत निघून जायची आणि एक मान वळत नसे. आता मला सांगा, आगगाडी जात असताना ज्या लेकराची मान वळत नाही, त्या लेकराला काय म्हणायचं? तेव्हा गाव त्याला शहाणं म्हणायचं.

आणि बाईंना गाव चूपबाई म्हणायचं. कौतुकानं, बरं का. "आमचा नातू चूपबाईंकडं जातो," असं बायका हळदीकुंकवात सांगायच्या, जसं काही नातू कलेक्टर कचेरीत लागला. मला त्या नावाचा राग आहे. अजून आहे. त्या नावाला शोभणारी बाई जेमतेम दोन वर्षं होती. तिच्यानंतर त्याच देहात दुसरी एक बाई राहायला आली, ती मी जवळून पाहिली, आणि तिची आठवण बालाघाटात कोणी ठेवली नाही. म्हणून लिहायला बसले. मी शाळा शिकलेली नाही. अक्षरं मी त्याच बालमंदिरात झाडू मारता मारता भिंतीवरच्या तक्त्यांवरून उचलली, तेव्हा कुठं वाकडंतिकडं झालं तर चालवून घ्या. रागात माणूस तसंही सरळ लिहीत नाही.

माझं काम म्हणजे सकाळी घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, टाटपट्ट्या अंथरायच्या, पाणी भरायचं, कोणाची चड्डी ओली झाली तर बदलायची आणि दुपारी पुन्हा ज्याचं लेकरू त्याच्या दारी. लेकरं मला शेवंतामावशी म्हणायची, बाई नुसतं शेवंता. बालमंदिर एका महिला मंडळाचं होतं. मंडळात जुन्या मराठी घरांतल्या बायका. कोणाचे यजमान कचेरीत, कोणाचे दवाखान्यात. अध्यक्ष होत्या त्यांना सगळे वकीलीणबाई म्हणायचे. त्यांनी कष्टानं ते बालमंदिर उभं केलं, हे मी नाकारत नाही. पण त्यांना ते लोकांना दाखवायला हवं असायचं. घरी पाहुणी आली की चहा झाल्यावर तिला आमच्याकडं घेऊन यायच्या. "आमची मुलं बघा," म्हणायच्या. लेकरं म्हणजे जशा काचेच्या कपाटातल्या चिनी बाहुल्या.

छप्पन साली विदर्भ तिकडं मुंबईच्या राज्यात गेला आणि आम्ही इथंच राहिलो, मध्यप्रदेशात. बसल्या जागी मुलूख बदलला. कचेरीत हिंदी, शाळेत हिंदी. मंडळाच्या बायकांना एकच घोर लागला, की सरकारी लोकांपुढं आपण मागासलेले दिसायला नको. म्हणून शांतता आणखी जास्त लागायला लागली. गप्प बसलेलं लेकरू कोणत्याच भाषेत चुकत नाही ना.

उन्हाळ्यातली सकाळची शाळा होती. वकीलीणबाई नागपूरच्या दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. मी मागच्या विहिरीवर होते. पण त्या सकाळचं सगळं बाईंनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं झालं आहे. बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. वर्ग गार झाला. भिंतीजवळ, टाटपट्टीच्या टोकाला अनसू बसली होती. अनसूचा बाप उकव्याच्या मँगनीज खाणीत, कधीमधी घरी येणारा. आई राइस मिलमध्ये धान वाळवायला. अनसू बाईंची लाडकी, कारण सगळ्यांत आधी घडी घालायची ती आणि सगळ्यांत शेवटी सोडायचीही ती. पाहुण्या कौतुक करत उभ्या होत्या तेवढ्यात बाईंना दिसलं, अनसूच्या डोळ्यांतून पाणी गळतंय. बाई तिच्याजवळ गेल्या, गालावरून हात फिरवला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "अनसू शहाणी आहे. शहाणी मुलं पाहुण्यांसमोर रडत नाहीत."

अनसूनं मान हलवली. बोट ओठांवर तसंच.

पाहुण्या फाटकाबाहेर गेल्या. बाई म्हणाल्या, "सोडा." सगळी लेकरं उठली. मी कळशी घेऊन आत येत होते. अनसू उठली नाही. तिनं बोट खाली घेतलं, त्या बोटावर दातांचे खड्डे पडले होते, आणि तिनं विचारलं, "बाई, आता रडू का?"

तिचा पाय सुजून टम्म झाला होता. टाटपट्टीच्या कडेखाली विंचू अजून बसलेला होता. आमच्याकडं कवेलूच्या छपरातून विंचू पडणं काही नवल नाही. नवल हे, की विंचू चावल्यावर ते एवढंसं लेकरू परवानगी मागत होतं.

मी कळशी टाकली, तिला उचललं आणि सरकारी दवाखान्यापर्यंत पळत गेले. बाई मागून अनवाणी. पोरगी वाचली, पण मरता मरता वाचली. तिची आई मिलमधून आली तशीच आली, केसांवर, पापण्यांवर कोंडा. तिनं शिव्या दिल्या नाहीत. बाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काहून वो बाई? घरी हिले काटा रुतला तं आळी गोळा करते. इथं विंचू चावला अन् हूं नाई का चूं नाई. काय केलं तुमी माह्या पोरीले?"

बोलल्या त्या वकीलीणबाई. त्या बिस्किटं घेऊन भेटायला आल्या होत्या. व्हरांड्यात उभ्या राहून बाईंना म्हणाल्या, "पण काय हो, केवढी सहनशील मुलगी. हे श्रेय तुमचंच हं बाई." आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ वाईट बोललेलं आहे. सासरी बोललं, शेजारी बोललं. पण त्या एका वाक्यासारखं घाण वाक्य मी ऐकलं नाही, आणि ते तर कौतुक होतं.

त्या दिवसापासून बाईंनी ते बोट मुठीत घातलं. खरंच सांगते. उजव्या हाताची मूठ, बोट आत, वर अंगठा. खडू धरायला, लेकराचं नाक पुसायला मूठ उघडायची, काम झालं की पुन्हा बंद. गावातल्या बायका विचारायच्या, "बाई, बोटाला लागलं का?" बाई म्हणायच्या, "हौ, लागलं." आणि पुढं चालायच्या.

अनसू महिन्याभरानं परत आली. चालत आली, खेळली, खाऊ खाल्ला, पण बोलली नाही. घरी तिची बडबड पुन्हा सुरू झालेली, आई सांगायची. बालमंदिराच्या फाटकातून आत आली की ओठ बंद. बाईंनी तेव्हाच मला सांगितलं, "शेवंता, ही पोरगी या खोलीत पुन्हा ओरडली ना, तर मी शिक्षिका. नाही ओरडली तर मी कोणीच नाही. मंडळ काही म्हणो."

आणि मग त्यांनी जे सुरू केलं, ते मी कोणत्या शाळेत पाहिलं नाही, आजही पाहत नाही. लेकरं पोचवून मी दुपारी परत आले, तर बाई टाटपट्टीवर, अनसूच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसलेल्या.

"शेवंता, तू बाई हो."

"मी? मले कुठं येते?"

"येते. रोज ऐकतेस. त्या खुर्चीवर बस अन् बोल माझ्यासारखं. माझी भीड धरू नको."

मी पदर खोचला, खुर्चीवर बसले, बोट ओठांवर ठेवलं. म्हटलं, "हाताची घडी. विनू, मी बघते आहे हं. बघा, अनसू कशी शहाणी."

बाई खालून माझ्याकडं पाहत राहिल्या. म्हणाल्या, "एवढी थंड बोलतो मी?" बाई चिडल्या की त्यांची शुद्ध भाषा सुटायची, आणि त्या चिडायच्या स्वतःवरच.

"थंडच बोलता. म्हणून तं भेव वाटते. आमची सासू ओरडते, तिचं भेव नाई वाटत."

"अन् इथून काय दिसून राह्यलं सांगू? तुहे गुडघे. अन् टेबलाखालचा खिळा. भिंतीवर एवढा हत्ती लावला मी, त्याच्यावर नुसता उजेड चमकते. दोन वर्षं ही लेकरं खिळा पाहून राह्यली शेवंता, अन् मी म्हणतो हत्ती शिकवला."

दुसऱ्या दिवशी टेबल व्हरांड्यात गेलं. हत्ती लेकराच्या छातीइतका खाली उतरला. संध्याकाळपर्यंत त्याच्या सोंडेला शेंबूड लागला आणि बाईंना त्याचा आनंद झाला. खुर्ची गेली. बाई टाटपट्टीवर बसायला लागल्या, रोज वेगळ्या लेकराजवळ. हे सगळं त्यांनी कुठल्या पुस्तकातून आणलं नव्हतं. रोज दुपारी त्या एकेका लेकराच्या जागी बसायच्या, मला बाई करायच्या आणि शेवटी विचारायच्या, "आज मी कुठं चुकली?" नुसतं विचारायच्या नाहीत, उत्तर मागायच्या. एकदा मी दमून म्हटलं, "काई नाई बाई, छान झालं आज." तर भडकल्या. "छान म्हणायला मंडळ आहे. तुले मी त्याच्यासाठी बसवत नाई."

मग मीही सोडेनाशी झाले. "सुमीनं दोनदा हात वर केला, तुमी पाहिलंच नाई." "विनूले ओरडल्या, पण ढकललं तं दुसऱ्यानं." बाई ऐकून घ्यायच्या, मूठ मांडीवर, आणि दुसऱ्या दिवशी विनूला जवळ घेऊन सांगायच्या, "काल माझं चुकलं रे. तू नव्हतं ढकललं." मोठ्या माणसानं आपली चूक कबूल केली की लेकरू कसं पाहतं ठाऊक आहे? विनू पाहत राहिला आणि म्हणाला, "पण बाई, परवा मीच ढकललंतं."

एकदा मंडळाकडून सांगून आलं, वर्गात आता हिंदीच बोला. बाईंनी पाहिलं, एक पोर पोट धरून बसलंय आणि ‘पेट’ शब्द येत नाही म्हणून गप्प आहे. त्या दुपारी त्या टाटपट्टीवर बसल्या नाहीत, येरझारा घालत राहिल्या. "पोट दुखते हे ज्या भाषेत सांगता येते, ती भाषा माझ्या वर्गात पहिली. ‘पेट’ मागून येईल. त्याले घाई नाई." आणि तसंच केलं. गोंडी घरचं एक लेकरू होतं, त्याच्या आईला बोलावून बाईंनी विचारून घेतलं, तुमच्याकडं दुखतं याला काय म्हणतात, पाणी पाहिजे कसं म्हणतात. वकीलीणबाई म्हणाल्या, हे काय नवीन खूळ.

पण अनसू गप्पच. बाई काय काय करायच्या. एकदा तर फारच चुकल्या. अनसूचे ओठ हलल्यासारखे वाटले, तशी बाईंनी टाळी वाजवली. "ऐका रे सगळे, अनसू बोलणार आहे." सगळी लेकरं वळून अनसूकडं पाहत बसली. पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि तिच्याखालची टाटपट्टी ओली झाली. दुपारी बाईंना विचारावं लागलंच नाही, कुठं चुकलं ते. भिंतीला डोकं टेकून म्हणाल्या, "पाहुणे नोयते, शेवंता. तं मी लेकरांनाच पाहुणे केलं. पुन्हा दाखवायलाच काढली मी तिला." डोळे कोरडे होते. रागानं लाल होते.

त्यातून ते झटकणं निघालं. बाईंनी ठरवलं, सकाळी बसायच्या आधी टाटपट्टी मी एकटीनं अंथरायची नाही. सगळ्यांनी कडा धरायच्या. बाईंनी विचारायचं, "विंचू आहे का?" आणि लेकरांनी टाटपट्टी फडाफडा झटकून ओरडायचं, "निघ रे विंचवा." जितक्या जोरात येईल तितक्या जोरात. धूळ उडायची, लेकरं शिंकायची, हसून लोळायची. एकदा खरंच गोम निघाली तेव्हा तर दिवाळीच झाली. अनसू आपला कोपरा धरायची, झटकायची, सगळ्यांच्या तोंडाकडं पाहायची. ओरडायची नाही. बाई तिच्याकडं वळूनही बघायच्या नाहीत. मला मात्र दुपारी विचारायच्या, "आज तिनं कोपरा कसा धरला?" मी सांगायची, "घट्ट." बाई म्हणायच्या, "बरं."

गलका गेला रस्त्यापलीकडं. मंडळात तक्रारी गेल्या. चूपबाईंना काय झालं, डोक्यावर परिणाम झाला का, बाई बह्याड झाल्या का. ज्या आयांच्या लेकरांना घरी जाऊन मनातलं सांगता यायला लागलं होतं, त्याच आया म्हणायच्या, पोरगं फार बोलते हो आजकाल. माझं टाळकं फिरायचं. बाई म्हणायच्या, "त्यांच्यावर नको रागावू. त्यांनाही कोणीतरी असंच बसवलंतं लहानपणी." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. कोणी कोणाला कसं बसवलं ते बसवलं, पण विंचू चावलेली पोरगी डोळ्यांसमोर असताना तरी माणसानं उठून उभं राहावं.

मग शिक्षण खात्याचे साहेब येणार असं कळलं. मंडळाचं अनुदान त्यांच्या शेऱ्यावर होतं. आदल्या दिवशी वकीलीणबाई स्वतः आल्या. टेबल आत आलं, हत्ती पुन्हा वर चढला, टाटपट्ट्या गुंडाळून कोपऱ्यात, त्यांच्या जागी घरचं मोठं लाल जाजम. "उद्या ती झटकाझटकी नको," म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "बरं. पण तोंडावर बोट मी म्हणणार नाही."

"मग मी म्हणेन."

आणि म्हणाल्या. साहेब खुर्चीत बसले, मंडळाच्या बायका जाजमाच्या एका अंगाला ओळीनं बसल्या आणि वकीलीणबाईंनी लेकरांना हुकूम सोडला. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत ती शांतता पसरली. बाई खिडकीजवळ उभ्या, मूठ आवळून आवळून पांढरी झालेली. साहेब हिंदीत बोलायला लागले, अनुशासन कसं राष्ट्राचा पाया आहे वगैरे. लेकरांची नजर सारखी जाजमाकडं. झटकलं नव्हतं ना ते.

"बाई, विंचू!"

चिरक्या, फाटक्या आवाजात. "साहेबाच्या पायाखाली हाय. उठा वो साहेब, चावते!"

साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. खुर्ची मागं कलंडली. ते टेबलाला धरून कसेबसे तोलले, फाइल खाली. आणि लेकरांना काय करायचं ते ठाऊकच होतं. सगळी उठली, जाजमाच्या कडा धरल्या आणि झटकायला लागली, मंडळाच्या बायकांसकट. "निघ रे विंचवा." एक बाई आडवी झाली, दुसरीची चप्पल उडाली. जाजमातून काळं, वाकडं काहीतरी टपकन पडलं. विनूनं ते उचललं, पाहिलं आणि तोंडात घातलं.

"चिंच हाय," म्हणाला.

वाळलेला चिंचेचा आकडा. कोणाच्या तरी खिशातून पडलेला. मी भिंतीला धरून हसत होते. बाईंनी साहेबांकडं पाहिलंच नाही. त्या अनसूपुढं गुडघ्यांवर बसल्या होत्या.

"कोण ओरडलं? तू ओरडली?"

अनसू घाबरली. "विंचू नाई बाई. चिंच."

"असू दे. असू दे चिंच. पुन्हा दिसलं तर पुन्हा ओरडशील?"

"हौ," अनसू म्हणाली. तिनं तेवढं म्हटलं आणि बाईंनी तिला पोटाशी धरलं. मला बाईंची ती पाठ अजून दिसते. हलत होती.

"यह बालमंदिर है या तमाशा?" साहेब म्हणाले. पुढं काय शेरा लिहिला ते मला दाखवलं नाही, पण मंडळाच्या तोंडावरून कळलं. दोन दिवसांत बैठक झाली. चहा द्यायला मीच होते. वकीलीणबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. त्या मुलीला उद्यापासून बंद करा. आणि बाई, तुम्ही पूर्वीसारखा वर्ग चालवा. आम्हाला पूर्वीच्या तुम्ही हव्या आहात."

बाई शुद्ध भाषेत बोलल्या, म्हणजे राग या वेळी स्वतःवर नव्हता. "तिला विंचू चावला आणि ती गप्प बसली, तेव्हा तुम्ही बिस्किटं आणलीत. विंचू नसताना ती ओरडली, तर तिला काढता. तुम्हाला विंचवाचं काही नाही. तुम्हाला आवाजाचं आहे."

"मग आम्हाला दुसऱ्या बाई बघाव्या लागतील."

"बघा. मी जाते. पण अनसू राहील. हे आत्ता, इथं सगळ्यांसमोर म्हणा, मग मी उठते."

त्या बसून राहिल्या. चहा गार झाला. शेवटी वकीलीणबाईंनी मान हलवली. बाई म्हणाल्या, "मान नको. बोला." तेव्हा त्या बोलल्या, की राहील.

निरोपसमारंभ झाला नाही. शाल नाही, नारळ नाही. बाई खैरलांजीकडच्या एका खेड्यात भावाकडं गेल्या. मी दोन-तीनदा बसनं जाऊन आले. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बायका बांधीत, पाण्यानं भरलेल्या खाचरात, वाकलेल्या असायच्या, आणि त्यांची लेकरं बाईंच्या भोवती, गोठ्याच्या पडवीत. पोती झटकायची आणि ओरडायची. दुपारी बाई पोत्यावर बसून भावजयीला विचारत होत्या, "आज मी कुठं चुकली वो वहिनी?" भावजय म्हणाली, "तुमी जेवल्या नाईत, तिथं चुकल्या." आम्ही तिघी हसलो. ते शेवटचं. त्याच साली तापानं गेल्या. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

मी बालमंदिर सोडलं नाही. नव्या बाई आल्या, त्यांच्या नंतरच्या आल्या. टेबल आत, हत्ती वर. मी टाटपट्टी झटकायची, पण एकटीनं. अनसू शाळेत गेली, मोठी झाली, खैरलांजीकडंच दिली तिला. आता बसमध्ये कंडक्टरशी भांडते ते पुढच्या थांब्यावर ऐकू येतं, असं तिचा नवराच सांगतो. मला ते ऐकून केवढं बरं वाटतं.

सत्तर साल मागं पडलं आणि मंडळाची नवी इमारत झाली. पक्की, वर स्लॅब. उद्घाटनाला बाईंचा फोटो लावला. मंडळाच्या जुन्या सामूहिक फोटोतून नुसत्या बाई काढून मोठ्या केलेल्या. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. मी सावकाश वाचलं, म्हणजे चूक नको व्हायला. ‘शिस्तीचा आदर्श.’

तो फोटो विंचवाच्या नंतरचा होता. बाईंचा हात मांडीवर, मूठ बंद, बोट आत. सगळ्यांना वाटलं, किती करारी बाई. भाषण करणारा एक जण तेच म्हणाला, ती मूठच बघा. आणि फोटोच्या खाली, नव्या फरशीवर, लेकरं ओळीनं बसवलेली. हाताची घडी. तोंडावर बोट. बाईंच्या फोटोखाली.

कोणीतरी म्हणालं, शेवंताबाई सगळ्यांत जुन्या, त्यांनी दोन शब्द बोलावे. मी उठले. भाषण मला कुठलं येतं. मी लेकरांकडं पाहिलं आणि जितक्या जोरात येईल तितक्या जोरात विचारलं, "विंचू आहे का?"

कोणी हललं नाही. त्यांना कोण शिकवणार? मग वाटलं, आता हिंदीतली लेकरं ही. "बिच्छू है क्या?" मी पुन्हा विचारलं. पाहुणे एकमेकांकडं पाहायला लागले. वकीलीणबाई म्हातारपणानं वाकल्या होत्या, त्या खाली फरशीकडं बघत राहिल्या. त्यांच्या शेजारच्या एका तरुण बाईनं मला हळूच, "बसा आता," म्हणून खूण केली, आणि ती खूणही बोटानंच केली.

पहिल्या ओळीत एक पोरगी होती, दोन वेण्या, लाल फिती. तिनं ओठांवरचं बोट जरासं बाजूला केलं, एवढंसंच, आणि मला विचारलं, "दादी, बोलूँ क्या?"

मी मागं वळून फोटोकडं पाहिलं. मग माझं हे म्हातारं शरीर त्या नव्या फरशीवर, तिच्या शेजारी, खाली बसवलं.